देवदूताचं सोंग: चांगल्याच्या रूपात येणारं वाईट कसं ओळखायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या बायबल अभ्यासाला नाशिकरोड, शरणपूर, देवळाली, सिडको असे सगळीकडचे लोक येतात, कॅथलिक आहेत, सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आहेत, पेंटेकॉस्टल पण आहेत, आणि भांडणंही होतात. पण या एका विषयावर सगळ्यांचे प्रश्न जवळजवळ सारखेच असतात आणि रात्री अकरा वाजता व्हॉट्सअॅपवर परत परत येतात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवलंय. नंबर दिलेत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगायला नको.

१. वाईट चांगल्याचं रूप घेऊन येतं हे खरंच बायबलमध्ये आहे का, की पास्टर लोक घाबरवायला सांगतात?

आहे. २ करिंथ ११:१४ मध्ये प्रेषित पौल सरळ म्हणतो की सैतान स्वतःच तेजस्वी देवदूताचं सोंग घेतो. पण त्याच्या आधीची ओळ कुणी वाचत नाही आणि खरी गंमत तिथेच आहे, कारण पौल बाहेरच्या कुणाबद्दल बोलतच नाहीये, करिंथच्या मंडळीत शिरून स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्यांबद्दल बोलतोय. येशू मत्तय ७:१५ मध्ये मेंढराच्या वेषातल्या लांडग्याबद्दल सांगतो, तेही तसंच. कळपात शिरायचं नसतं तर त्याने तो वेष घातलाच कशाला असता?

आणि अगदी सुरुवातीला जा, उत्पत्ती ३:६. हव्वेला ते फळ कसं दिसलं? खायला चांगलं, डोळ्यांना सुंदर, शहाणं करणारं. आता यात वाईट काय आहे सांगा. भूक वाईट नाही, सुंदर दिसणं वाईट नाही, शहाणपण तर देवच देतो. फक्त देवाचं ऐकणं बाजूला ठेवून ते घ्यायचं होतं, एवढाच काय तो फरक, आणि तेवढ्याने सगळं बिघडलं. म्हणून "ते तर चांगलंच काम करतायत" एवढ्यावर आपण थांबलो तर आपण हव्वेच्या पुढे एक पाऊलही गेलेलो नाही.

२. ओळखायची एक सोपी टेस्ट सांगा ना, लांबलचक नको.

एक टेस्ट असती तर सोंग घेणाऱ्याने तीच आधी पाठ केली असती. पण चार आहेत, आणि जुन्या आहेत. जॉन कॅसियन नावाचा एक संन्यासी चौथ्या-पाचव्या शतकात होऊन गेला, त्याने इजिप्तच्या वाळवंटातल्या वडीलधाऱ्या साधूंची शिकवण लिहून ठेवलीय. त्यातले अब्बा मोशे म्हणतात की सराफासारखं वागा, सराफ सोन्याचं नाणं हातात आलं की चार गोष्टी बघतो. एक, धातू सोनंच आहे का, की चकाकणारं पितळ. दोन, सोनं खरं आहे पण त्यावर छाप खऱ्या राजाचा आहे की गादी बळकावणाऱ्याचा (म्हणजे वचन खरं, पण अर्थ वाकवलेला). तीन, ते कायदेशीर टांकसाळीतून आलंय का, म्हणजे उपास, जागरण, प्रार्थना सगळं दिसायला धार्मिक, पण भलत्या वेळी, भलत्या प्रमाणात, भलत्याच हेतूने. चार, वजन पूर्ण भरतं का, की दिखाऊपणाने गंज लागून हलकं झालंय.

(आपल्याकडे नाशिकरोडला करन्सी नोट प्रेस १९२८ पासून आहे म्हणून प्रत्येक पाहुणा प्रवचनकार "खरी नोट ओळखणारे नकली नोटेचा अभ्यास करत नाहीत" हा दाखला देतोच देतो. प्रेसमध्ये आयुष्य काढलेले लोक समोर बसलेले असतात, ते नुसते हसतात.)

पुढचे बहुतेक प्रश्न या चारपैकी कशात तरी बसतात. मला स्वतःला दुसरी टेस्ट सगळ्यात अवघड वाटते.

३. जो माणूस बायबलमधूनच बोलतो तो चुकीचा कसा असेल?

सैतान पण बायबलमधूनच बोलला. मत्तय ४:६ उघडा, तो येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि स्तोत्र ९१ म्हणून दाखवतो, देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील, मार उडी. आता मूळ स्तोत्र काढून शेजारी ठेवा. तिथे ११ व्या ओवीत "तुझ्या सर्व मार्गांत तुझं रक्षण करायला" असे शब्द आहेत, ते त्याने गाळले. मार्गाने चालणाऱ्याला दिलेलं वचन उडी मारणाऱ्याला लावलं. येशूने "हे वचन खोटं आहे" असं म्हटलं नाही, "असंही लिहिलं आहे" म्हटलं आणि अनुवाद (मोशेचं पाचवं पुस्तक) ६:१६ समोर ठेवलं. ही पद्धत आपण उचलायला पाहिजे. गुलाबाच्या फोटोवर एक ओळ छापून आली की आधी ती कुठल्या अध्यायातली आहे ते उघडून बघायचं, पुढचं-मागचं वाचायचं आणि याच विषयावर दुसरीकडे काय लिहिलंय ते बघायचं.

सगळ्यात जास्त वाकवलं जाणारं वचन माझ्या मते स्तोत्र १०५:१५, "माझ्या अभिषिक्तांना (देवाने निवडलेल्यांना) हात लावू नका". पास्टरला हिशोब विचारला की हे येतंच. तिथे विषय काय आहे? अब्राहाम, इसहाक, याकोब परक्या देशात भटकत होते, मूठभर होते, आणि देव राजांना दटावतोय की यांना त्रास देऊ नका. म्हणजे वचन दुबळ्यांच्या बाजूने, बलवानाच्या विरुद्ध आहे, आणि आपण ते बरोबर उलटं वापरतो. दावीद सुद्धा त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजाला "अभिषिक्त" म्हणून मारत नाही, पण १ शमुवेल २४ मध्ये गुहेबाहेर येऊन सगळ्या सैन्यासमोर त्याला जाब विचारतोच ना.

४. आजार बरा झाला, डोळ्यांनी बघितलं. चमत्कार तर देवच करतो ना?

देव करतो, हो. पण चमत्कार झाला म्हणून माणूस देवाचा, असं बायबल कुठेच म्हणत नाही. अनुवाद १३:१-३ वाचा, तिथे संदेष्ट्याने सांगितलेलं चिन्ह खरं ठरलं तरी तो दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर त्याचं ऐकू नका असं स्पष्ट आहे. मत्तय ७:२२ मध्ये लोक म्हणतात प्रभू आम्ही तुझ्या नावाने भुतं काढली, अद्भुत कामं केली, आणि येशू "तुम्ही केलीच नाहीत" असं म्हणत नाही, "मला तुमची कधीच ओळख नव्हती" म्हणतो. अंगावर काटा येतो ते वाचून.

दुसरं म्हणजे तपासणी. येशूने कुष्ठरोगी बरे केले आणि त्यांना याजकाकडे जाऊन दाखवायला सांगितलं (लूक १७:१४), त्या काळात बरं झाल्याची खात्री करण्याची व्यवस्था तीच होती. त्यामुळे "डॉक्टरकडे जाऊ नकोस, विश्वास कमी पडेल, गोळ्या बंद कर" असं कुणी म्हणालं की तिथेच उठायचं. शुगरच्या, बीपीच्या, फिटच्या गोळ्या प्रार्थनेने थांबवायच्या नाहीत, प्रार्थनाही करा आणि सिव्हिलमध्ये रिपोर्टही काढा. यशया ३८ मध्ये आजारी हिज्कीया राजाला देवाने बरं करायचं वचन दिलं तरी अंजिराचा लेप लावलाच. आणि महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो सगळ्या धर्मांच्या बुवांना लागू आहे, आपल्याही. प्रार्थनेला कायद्याची काही हरकत नाही, फसवणुकीला आणि छळाला आहे.

५. झाड फळावरून ओळखा म्हणतात. मग चर्च मोठं झालं, गाणी भारी, तरुण पोरं दारू सोडतायत, हे फळ नाही का?

दारू सुटली तर चांगलंच आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण गर्दी हे फळ नाही. गलतीकरांस ५:२२ ची यादी बघा: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यात साऊंड सिस्टीम नाही, किती चॅनेल सबस्क्राइबर हे नाही, वक्तृत्व पण नाही. आणि ही सगळी फळं स्टेजवर दिसत नाहीत, घरी दिसतात. त्याची बायको मोकळेपणी बोलते का, त्याचा ड्रायव्हर त्याच्याबद्दल काय सांगतो, जो माणूस त्याच्या काही उपयोगाचा नाही त्याच्याशी तो कसा वागतो, नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा कसा होतो.

फळाला वेळ लागतो, हा दुसरा मुद्दा. जिम जोन्सने १९५० च्या दशकात अमेरिकेत काळे-गोरे एकत्र बसतील असं चर्च काढलं, गरिबांना जेवू घातलं, तेव्हा ते करणारे फार कमी होते. सुरुवातीला जे जोडले गेले ते मूर्ख नव्हते, चांगल्या कामासाठीच आले होते. १८ नोव्हेंबर १९७८ ला गयानाच्या जंगलात त्याच्या सांगण्यावरून ९०० च्या वर माणसं मेली, त्यात शेकडो लहान मुलं. मधल्या वर्षांत काय काय झालं ते बघितलं तर घरच्यांपासून तोडणं, प्रश्न विचारणाऱ्याला गद्दार ठरवणं, मालमत्ता संस्थेच्या नावावर करून घेणं, हे सगळं हळूहळू आलं, एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीला एक चांगलं कारण होतं.

जवळचं उदाहरण हवं असेल तर रवी झकरायस, जगभर फिरून भाषणं देणारे ख्रिस्ती वक्ते. भारतात जन्मलेले, आपल्यातल्या कितीतरी जणांनी त्यांची भाषणं ऐकून विश्वास पक्का केला. २०२० मध्ये ते वारले आणि २०२१ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला, त्यात स्त्रियांचं लैंगिक शोषण झाल्याचं उघड झालं. त्याआधी एका बाईने तोंड उघडलं होतं तर त्यांनी कोर्टात तिच्यावरच केस टाकली होती. भाषणं मात्र शेवटपर्यंत उत्तमच होती. (मग त्या भाषणांनी माझं जे भलं झालं त्याचं काय, हे १२ मध्ये.)

६. प्रार्थना केली आणि मनाला शांती वाटली. म्हणजे देवाचा होकार, बरोबर?

कधी बरोबर, कधी नाही. योना देवापासून पळत होता आणि वादळात जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता (योना १:५). गेथशेमाने बागेत येशू देवाच्या इच्छेच्या अगदी मधोमध होता आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. शांतीचं मीटर लावलं तर योना पास आणि येशू नापास.

यावर सगळ्यात बारकाईने लिहिलंय ते लोयोलाच्या इग्नाशियसने, जेझुइट संघाचा संस्थापक. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, घरी पडून होता, तेव्हा त्याला कळलं की दोन प्रकारचे विचार आत्ता सारखेच गोड लागतात पण एक संपल्यावर मन कोरडं पडतं आणि दुसरा संपल्यावरही मन भरलेलं राहतं. पुढच्या वर्षी मानरेसा गावात त्याला हवेत काहीतरी दिसायचं, सापासारखं, चकाकणारं, डोळ्यांसारखे ठिपके असलेलं, फार सुंदर, बघून बरं वाटायचं आणि ते गेलं की उदास वाटायचं. बऱ्याच काळाने क्रुसासमोर गुडघे टेकलेले असताना ते परत दिसलं आणि तिथे त्याचा रंग फिका पडलेला होता, तेव्हा त्याला कळलं हे कुणाकडून आहे.

त्यातून त्याने नियम काढला. विचाराची सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही बघा. तिन्ही चांगल्याकडे जात असतील तर ठीक. सुरुवात पवित्र, मध्य पण ठीक, आणि शेवटी तुम्ही आधीपेक्षा कमी चांगल्या गोष्टीवर आलात, किंवा चिडचिडे, अस्वस्थ, दुर्बळ झालात, तर सापाची शेपटी दिसली असं समजा आणि मग मागे जाऊन कुठल्या वळणावर ते फिरलं ते शोधा. हे मागे जाऊन शोधणं मला फार उपयोगी वाटतं, कारण पुढच्या वेळी तेच वळण येतं.

७. पण चांगलं काम करायची इच्छा सैतानाकडून कशी येईल? तो उपास करायला सांगेल का?

सांगेल की. कॅसियनच्याच पुस्तकात हेरोन नावाच्या म्हाताऱ्या साधूची गोष्ट आहे. पन्नास वर्षं वाळवंटात राहिलेला, उपास इतका कडक की पुनरुत्थानाच्या सणाला (ईस्टरला) सगळे भाऊ एकत्र जेवायचे तिथे पण हा जायचा नाही, नियम ढिला होईल म्हणून. शेवटी एक "देवदूत" आला आणि म्हणाला तुझं पुण्य इतकं आहे की विहिरीत उडी मारलीस तरी काही होणार नाही. त्याने मारली. भावांनी बाहेर काढला, तिसऱ्या दिवशी मेला, आणि मरेपर्यंत त्याला पटलं नाही की तो देवदूत नव्हता.

त्याची भक्ती खोटी नव्हती, पण त्याला कुणी काही सांगू शकत नव्हतं, तो एकटा पडला होता. आपल्याकडे याचं रूप साधं असतं, तीन तीन मीटिंगा, सगळ्यांसाठी रात्रभर प्रार्थना, आणि घरी आईची औषधं आणायला वेळ नाही. मार्क ७:९-१३ मध्ये येशू हेच पकडतो, आईबापाला द्यायचं ते "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलंय असं सांगून हात झटकणारे लोक. देवाचं नाव घेऊन देवाचीच आज्ञा मोडायची.

८. आपल्याच पास्टरांवर / फादरांवर संशय घेणं पाप नाही का? "न्याय करू नका" असं लिहिलंय.

मत्तय ७:१ मध्ये "न्याय करू नका" आणि त्याच अध्यायात ७:१५ ला "खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहा". दोन्ही एकाच तोंडचं आहे. माणसाच्या मनाचा, त्याच्या तारणाचा निकाल लावायचा नाही, पण तो काय शिकवतो आणि काय करतो हे तपासायचं. बिरुयातल्या लोकांनी पौलाचं बोलणं रोज शास्त्रात तपासून बघितलं तर प्रेषितांची कृत्ये १७:११ त्यांना मोठ्या मनाचे म्हणतं. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर सुनावलं (गलती २:११), पेत्राने त्याला अभिषिक्त-बिभिषिक्त काही ऐकवल्याचं लिहिलेलं नाही.

पण उलटी बाजू पण आहे. १ तीमथ्य ५:१९, वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नका. म्हणजे चहाच्या टपरीवर कुजबुज नको, स्क्रीनशॉट फिरवणं नको. विचारायचं असेल ते त्याला, नाहीतर कमिटीला, नाहीतर बिशपला. विचारल्यावर काय होतं तेच खूप काही सांगून जातं. चांगला माणूस चिडेल कदाचित, पण उत्तर देईल.

९. पैशाच्या बाबतीत काय बघायचं?

फार जुना नियम आहे, दिदाखे नावाचं अगदी सुरुवातीच्या मंडळीचं पुस्तक, त्यात लिहिलंय की फिरता संदेष्टा तीन दिवस राहिला तर खोटा आणि आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागितले तर खोटा. गरजवंतांसाठी मागत असेल तर मात्र त्याला दोष देऊ नका. पौल दान घेऊन जाताना एकटा जात नाही, दुसऱ्यांना बरोबर घेतो, कुणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८:२०-२१).

आजच्या भाषेत: पावती मिळते का, ट्रस्ट नोंदलेला आहे का, ऑडिट होऊन हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे जातो का, सही एकाच घरातल्या लोकांची आहे का. "हजाराचं बीज पेर, देव लाख देईल" हे बीज नाही, लॉटरी आहे. आणि योहान १२:५ विसरू नका, येशूच्या पायांना लावलेलं ते महागडं तेल ३०० दीनारांना विकून गरिबांना का दिलं नाही, हे वाक्य किती छान आहे, आणि ते येशूला धरून देणाऱ्या यहूदाचं आहे.

१०. एका ताईंनी सांगितलं की देवाने त्यांना दाखवलंय मी अमुक मुलाशीच लग्न करायचं. नाही म्हटलं तर देवाला नाही म्हटल्यासारखं होईल का?

नाही. देवाला तुमचा नंबर माहीत आहे. १ राजे १३ वाचा, तिथे एक म्हातारा संदेष्टा देवाच्या माणसाला म्हणतो "देवदूताने मला सांगितलंय, तुला घरी जेवायला घेऊन यायला", तो खोटं बोलत होता, आणि ज्याने देवाने स्वतःला सांगितलेलं सोडून त्याचं ऐकलं तो परत जाताना सिंहाच्या तोंडी गेला. १ करिंथ १४:२९ म्हणतं संदेष्टे बोलोत आणि बाकीचे पारखोत. पारखायला वेळ लागतो, म्हणून "आजच हो म्हण" आणि "घरी सांगू नकोस" ही दोन वाक्यं आली की माझ्यापुरता तरी विषय संपतो.

११. वाईट नेहमी एखाद्या माणसातच असतं का? सगळी मंडळीच चुकीच्या बाजूला असू शकते?

असू शकते, आणि झालंय. अमेरिकेत गुलामीचं समर्थन शतकभर प्रवचनपीठावरून झालं, उत्पत्ती ९ मधला शाप दाखवून (तो शाप नोहाच्या नातवाला, कनानाला होता, आफ्रिकेचा तिथे संबंध नाही, पण तपासतो कोण). आणि त्याच बायबलच्या जोरावर, त्याच १९ व्या शतकात, आपल्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं ठेवली, शिकवली. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी लिव्हिंगस्टन, त्याचं शव १८७४ मध्ये इंग्लंडला पोचलं तेव्हा सोबत आलेला जेकब वेनराइट या नाशिकच्या शाळेत शिकलेला होता. त्या रस्त्याने आपण रोज जातो आणि बहुतेकांना हे माहीत नसतं.

जर्मनीतही तेच. १९३० च्या दशकात तिथल्या चर्चमधल्या मोठ्या गटाला हिटलर म्हणजे देवाने दिलेलं पुनरुज्जीवन वाटत होतं. १९३४ मध्ये जर्मनीतल्या बार्मेनला जमलेल्या थोड्यांनी लेखी नाही म्हटलं. त्या बाजूचा पास्टर बॉनहॉफर १९४२ च्या शेवटी मित्रांना लिहितो की वाईटाने घातलेल्या या मुखवट्यांनी, प्रकाश, परोपकार, न्याय असे मुखवटे, आमच्या नीतीच्या सगळ्या कल्पना उलथून टाकल्या. १९४५ च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिलं.

बहुमत ही टेस्ट नाही, एवढंच. त्या व्यवस्थेत सगळ्यात खाली कोण आहे आणि त्याच्यावर काय बेततंय ते बघा.

१२. ज्यांनी माझा बाप्तिस्मा केला तेच नंतर भोंदू निघाले. माझा बाप्तिस्मा खोटा का?

खोटा नाही, परत घ्यायची गरज नाही. उत्तर आफ्रिकेत चौथ्या शतकात यावरच मोठं भांडण झालं, डोनाटिस्ट नावाचा गट म्हणायचा अपवित्र याजकाचा संस्कार व्यर्थ, आणि तिथला बिशप ऑगस्टीन याने उत्तर दिलं की बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, हात कुणाचाही असो. पौल पण फिलिप्पै १:१५-१८ मध्ये म्हणतो काही जण हेव्याने ख्रिस्त सांगतात, तरी ख्रिस्त सांगितला जातोय ना. तुम्हाला मिळालेलं तुमचंच आहे. त्या माणसाचा बचाव करायचं कर्ज मात्र तुमच्यावर नाही, यात लोक फार गोंधळतात.

१३. शेजारचे हिंदू, मुसलमान लोक इतकं चांगलं करतात. ते पण "सोंग" समजायचं का?

अजिबात नाही, आणि हा प्रश्न येतो याचंच वाईट वाटतं. इशारा कळपाच्या आतल्यांसाठी आहे (१ बघा). शिष्यांनी "तो आपल्यातला नाही" म्हणून एकाला अडवलं तर येशूने त्यांनाच थांबवलं (मार्क ९:३८-४०), आणि शेजारी कोण हे सांगायला त्याने यहूदी ज्यांना परके मानायचे असा शोमरोनीच निवडला. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत रांगेत उभे राहा, किती धर्मांची माणसं मेणबत्त्या घेऊन उभी असतात ते बघा.

उलट चूक पण मोठी आहे: मत्तय १२:२४ मध्ये परूशी (नियमशास्त्राबाबत कडक असलेला यहूदी गट) येशूच्या खऱ्या चांगल्या कामाला सैतानाचं म्हणाले, आणि येशूचा सगळ्यात कडक इशारा त्यांच्याच वाट्याला आला.

१४. मला आता सगळीकडेच सैतान दिसायला लागलाय, झोप लागत नाही.

मग हे पान बंद करा. खरंच. हे सतत चालू असेल, आवाज येत असतील, खाणंपिणं सुटलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि प्रार्थना करताना एकट्याने करू नका काही दिवस.

१५. गहू आणि निदण (तण) एकत्र वाढू द्या असं येशू म्हणतो. मग चर्चमध्ये चुकीचं चाललं असेल तर गप्प बसायचं?

मत्तय १३:३८ मध्ये येशू स्वतः सांगतो की शेत म्हणजे जग. जगातून वाईट लोक उपटून काढायला निघू नका, असा तो दाखला आहे. मंडळीच्या आत काय करायचं ते मत्तय १८:१५-१७ आणि १ करिंथ ५ मध्ये वेगळं दिलंय.

पण एक गोष्ट यात येतच नाही. लहान मुलावर अत्याचार झाला असेल किंवा होतोय असं कळलं तर "आधी एकांतात भावाला समजाव" हा नियम लावायचा नाही. २०१२ च्या पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं हे ज्याला कळलं त्याच्यावर बंधनकारक आहे, तो फादर असो, संडे स्कूलच्या टीचर असोत की तुम्ही. १०९८ (चाइल्डलाइन) किंवा ११२ (पोलीस) लावा. "चर्चची बदनामी होईल", "क्षमा करायला शिका", हे या पानावरचं सगळ्यात धोकादायक सोंग आहे, कारण दोन्ही शब्द आपले आहेत. क्षमा करायची की नाही आणि कधी हे त्या मुलाचं आहे, कमिटीचं नाही.

१६. आणि हे सोंग माझ्यातच असेल तर?

हा प्रश्न सगळ्यात कमी येतो. पेत्राला बघा, मत्तय १६ मध्ये तो "तू ख्रिस्त आहेस" म्हणतो, शाबासकी मिळते, आणि पुढच्याच क्षणी प्रेमापोटी म्हणतो "प्रभू तुझ्यावर असं न येवो" आणि येशू त्याला सैतान म्हणतो. प्रेम खरं होतं हो. शौल राजा चांगली चांगली मेंढरं राखून ठेवतो आणि शमुवेलाला म्हणतो देवाला अर्पण करायलाच ठेवलीत (१ शमुवेल १५). योहान १६:२ तर म्हणतं तुम्हाला मारणाऱ्याला वाटेल आपण देवाची सेवा करतोय.

मी स्वतःला दोनच गोष्टी विचारतो: हे चांगलं काम कुणी दुसऱ्याने केलं आणि नाव त्याचं झालं तर मला चालेल का, आणि हे मी ज्याला सांगायचं टाळतोय असा कुणी आहे का. दुसऱ्याचं उत्तर "बायको" आलं की तिला सांगतो. कबुलीजबाबाची सोय असलेल्या कॅथलिक भावांचा या बाबतीत हेवा वाटतो.

१७. आम्हाला एका अशा मंडळीतून बाहेर पडायचंय पण सासूबाई आणि दीर तिथेच आहेत. काय करावं?

एका संध्याकाळी सगळं पटवायला जाऊ नका, पटणार नाही, आणि "सैतान तुमच्यात शिरलाय" हे ऐकून घ्यावं लागेल. आधी तुम्ही दोघं नवराबायको एकमत व्हा. दिलेल्या पैशाच्या पावत्या, कुणाला कर्जाने दिलं असेल तर त्याचे मेसेज सांभाळून ठेवा. घर, दागिने, मुलांची कागदपत्रं संस्थेकडे असतील तर आधी ती परत घ्या आणि मग सांगा. सोडताना भाषण नको, "आम्ही आता येणार नाही" एवढं पुरे.

सासूबाईंशी बोलणं तोडू नका, रविवारी नाही तर बुधवारी जा, त्यांच्या गुडघ्याचं विचारा, जेवा, मंडळीचा विषय त्यांनी काढला तरच बोला. अशा गटात बाहेर गेलेल्यांशी संबंध तोडायला लावतात, तर निदान आपल्या बाजूने दार उघडं असू द्या, दोन-तीन वर्षांनी सुद्धा लोक परत येतात. तुम्ही दुसऱ्या चर्चला जायला लागलात तर काही महिने नुसते मागे बसा, लगेच कमिटीत जाऊ नका, आणि तिथेही हिशोब विचारा.